पाळी बदलतानाची वीस मिनिटं: कारखान्यांच्या व्यवस्थापनांना खुलं पत्र

प्रति,
संचालक, प्लांट हेड, आणि कारखान्यांत ‘ग्रीन’ व ‘डिजिटल’ या दोन खात्यांचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या नोटीस बोर्डावर चार ओळींचं परिपत्रक लागलं. पाळी बदलताना जाणारी पाळी आणि येणारी पाळी वीस मिनिटं मशीनवर एकत्र असायची, ते पंधरवड्यापासून बंद. कारण असं दिलंय की मशीनची सगळी माहिती आता डॅशबोर्डवर असल्याने तोंडी चार्ज देण्या-घेण्याची गरज उरलेली नाही. शेजारीच दुसरा कागद होता, चांगला रंगीत. हिरवं पान, पानाच्या शिरांच्या जागी सर्किटच्या रेषा, आणि हे वर्ष ‘हरित व डिजिटल नवकल्पनांचं वर्ष’ असल्याची घोषणा. दोन्ही कागदांवर सही एकाच साहेबांची.

मी मेंटेनन्समध्ये आहे. फिटर म्हणून लागलो, आता एक पाळी सांभाळतो. सव्वीस वर्षं झाली. प्रश्न आमच्या एकट्या कारखान्याचा असता तर मी अर्ज देऊन थांबलो असतो. अर्ज दिलाय, पोचही मिळालीय. पण इतर कारखान्यांतल्या ओळखीच्यांशी बोललो तेव्हा कळलं की कुणाची वीस मिनिटं गेलीत, कुणाची दहा, कुणाची साप्ताहिक बैठक गेलीय, आणि कारण सगळीकडे जवळपास शब्दशः तेच. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितोय.

त्या वीस मिनिटांत काय होतं, ते आधी सांगतो.

आमच्याकडे धूळ आणि धूर ओढणारा एक मोठा एक्झॉस्ट पंखा आहे. त्याच्या डक्टवर डँपर, म्हणजे हवा कमी-जास्त करायची झडप. एकदा पाळी बदलताना एका नव्या मुलाने जुन्या ऑपरेटरला विचारलं, “काका, ही झडप कायम अर्ध्याहून जास्त बंदच का असते?” काका म्हणाले, “मी आलो तेव्हापासून तशीच आहे. उघडली तर पत्र्याचे हलके तुकडेसुद्धा ओढून नेते.” मी शेजारी उभा होतो. माझ्याही डोळ्यांसमोरून ती झडप रोज जात होती, पण मला कधी तो प्रश्न पडला नव्हता. मोटर पूर्ण वेगाने पळवायची आणि वरून हवेचा गळा आवळायचा, म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ब्रेकवर पाय ठेवून चालवण्यातला प्रकार. पंख्याला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्क्यांनी उतरवला तर वीज जवळपास निम्म्यावर येते. झडप पूर्ण उघडायची आणि मोटरला व्हीएफडी, म्हणजे वेग कमी-जास्त करणारं उपकरण, लावून वेग कमी करायचा, एवढंच काम होतं. हरितही झालं, डिजिटलही झालं. आणि ते निघालं कुठून? एका नवख्या माणसाच्या प्रश्नातून आणि एका जुन्या माणसाच्या उत्तरातून. डॅशबोर्डवर तो पंखा तेव्हाही हिरवाच दिसत होता, कारण पंखा चालू होता.

पुढची गोष्टही ऐका. मंजुरीला चौदा महिने लागले. वीजबिल युटिलिटीच्या, म्हणजे वीज-हवा-पाणी पुरवणाऱ्या विभागाच्या, बजेटमध्ये, व्हीएफडीचा खर्च प्रॉडक्शनच्या बजेटमध्ये. ज्याचे पैसे जाणार त्याला फायदा नाही, ज्याला फायदा त्याचे पैसे जाणार नाहीत. काम झालं तेव्हा प्रश्न विचारणारा मुलगा कंत्राट संपून निघून गेला होता. वार्षिक समारंभात ढाल विभागप्रमुखांना मिळाली. साहेब भले आहेत, त्यांच्यावर राग नाही. पण शॉपफ्लोअरवरच्या प्रत्येकाने त्या दिवशी जो धडा घ्यायचा तो घेतला.

आता तक्रारी.

पहिली तक्रार डेटाबद्दल आहे आणि तीच सगळ्यात मोठी आहे. मशीन दोन मिनिटांहून जास्त थांबलं की पडद्यावर खिडकी उघडते: थांबण्याचं कारण निवडा. यादीत बावीस कारणं. सगळ्यात वर ‘मटेरियल नाही’. त्याखाली टूल, सेटिंग, सेन्सर वगैरे. थांबलेली मिनिटं ऑपरेटरच्या नावावर जमा होतात, महिनाअखेरीला तक्ता लागतो, आणि तळाची नावं लाल रंगात येतात. खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं: वस्तू जवळ आल्याचं ओळखणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरवर कूलंटचा, म्हणजे थंडावा देणाऱ्या द्रवाचा, चिकटा बसतो, ऑपरेटर चिंधीने पुसतो आणि पुढे जातो. पण ‘सेन्सर’ निवडलं तर मेंटेनन्सला फोन जातो, मेंटेनन्स येईपर्यंत मशीन थांबतं, आणि ती मिनिटंही त्याच्याच नावावर. ‘सेटिंग’ निवडलं तर सेटिंग कुणी केलं होतं याची चौकशी. ‘मटेरियल नाही’ म्हटलं की कुणी काही विचारत नाही. शिवाय ते यादीत पहिलंच आहे, हातमोजा घातलेल्या बोटालाही सापडतं.

वर्षभराने त्या नोंदींवर एक महागडं सॉफ्टवेअर बसवलं, बिघाडाचा आधीच अंदाज देणारं. त्याने सगळं पचवून निष्कर्ष काढला की स्टोअरमध्ये साठा वाढवावा. स्टोअरवाले चक्रावले, त्यांचे रॅक भरून वाहत होते. सॉफ्टवेअरची चूक नव्हती. त्याला जे शिकवलं ते त्याने प्रामाणिकपणे शिकून दाखवलं. चूक त्या लाल रंगाची होती. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी व्यवस्थापनासाठी चौदा मुद्दे सांगितले, त्यांतला एक होता कामाच्या जागेवरून भीती घालवण्याचा. तो नैतिक उपदेश आहे असं बरेच जण समजतात. माझ्या मते तो शुद्ध तांत्रिक मुद्दा आहे. घाबरलेल्या माणसाने भरलेली नोंद म्हणजे कॅलिब्रेशन गेलेलं मीटर.

आमचीही बाजू स्वच्छ नाही, तेही लिहितो. सेन्सरवर टेप चिकटवणारे हात आमचेच आहेत. नवं मशीन आलं की “बघू किती दिवस टिकतंय” म्हणणारे आम्हीच. मीही म्हटलंय. पण तुम्ही शिक्षेची पट्टी म्हणून दिलेल्या उपकरणाला माणसं दुसरं काय करणार?

दुसरी तक्रार हवेची. म्हणजे अक्षरशः हवेची. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शटडाउनला सगळ्या लाइनी बंद असताना हवा दाबून नळ्यांत सोडणारा कॉम्प्रेसर तेवढा चालू ठेवून बेमध्ये, म्हणजे शेडच्या एका भागात, उभं राहून बघा. चहूकडून फुस्स, फुस्स आवाज येतो. नळीच्या जोडातून, झिजलेल्या कपलिंगमधून, कधीच काढून नेलेल्या मशीनच्या उघड्या राहिलेल्या टोकातून. सात बार दाबाला तीन मिलिमीटरच्या एका भोकातून जाणारी हवा तयार करायला ३ ते ४ किलोवॅट लागतात, रात्रंदिवस. देखभाल ढिली असलेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरने बनवलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा अशी वाया जाणं ही नवलाची गोष्ट नाही. उपायाला रॉकेट सायन्स लागत नाही: गळती दिसली की टॅग, म्हणजे खुणेची चिठ्ठी, लावा, यादी करा, दुरुस्त करा.

आम्ही टॅग लावायला सुरुवात केली होती. पहिल्या महिन्यात चांगले साठ-सत्तर लागले. मग कुणीतरी वर प्रश्न केला की या विभागात एवढे टॅग का, सुपरवायझर काय करत होता? पुढच्या महिन्यात टॅग नऊ. गळती तेवढीच. ऑडिटला आलेल्यांनी ‘लक्षणीय सुधारणा’ असा शेरा दिला. आयएसओ ५०००१ चं, म्हणजे ऊर्जा व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, प्रमाणपत्र ऑफिसच्या भिंतीवर लावलेलं असतं, ते मानक माणसांच्या जाणिवेबद्दल आणि सूचनांबद्दलही बोलतं, हे किती जणांनी वाचलंय कोण जाणे. यात भर म्हणून बोनस फक्त नगांवर. वाचलेल्या युनिटला, वाचलेल्या हवेला, न झालेल्या रिजेक्शनला त्या सूत्रात जागाच नाही. मग सांगा, ऑपरेटरने लाइन थांबवून कपलिंग का बदलावं?

तिसरी: सूचना. पूर्वी पेटी होती, तिची किल्ली हरवली होती. आता ॲप आहे. सूचना टाकली की “धन्यवाद, आपली सूचना नोंदवली आहे” असा निरोप येतो आणि विषय संपतो. नकार आला तरी चालेल, माणसं नकार पचवतात. उत्तरच न येणं पचत नाही.

चौथी तक्रार कंत्राटी कामगारांची आणि प्रशिक्षणाची, दोन्ही एकत्रच, कारण व्यवहारात ती एकच गोष्ट झालीय. मशीनला दिवसभर हात लावणारा माणूस कंत्राटी. प्रशिक्षणाला पाठवायचा माणूस कायम. त्यामुळे पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा, कोर्स करून आलेला माणूस ऑफिसात बसतो, आणि पडद्यावर अलार्म आल्यावर ज्याला तो वाचायचाय त्याला फक्त ‘रीसेट’ कुठे आहे तेवढं माहीत असतं. ज्याला अकरा महिन्यांनी जायचंय त्याने सुधारणा कशाला सुचवावी? त्यातून ती सुधारणा माणसं कमी करणारी निघाली तर पहिला तोच जाणार, हे त्याला तुमच्याआधी कळतं. प्रशिक्षणही पाळीनंतर, थकल्यावर, मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि शेवटी पाच प्रश्नांना टिक करून. ती उत्तरं आमच्या ग्रुपवर आधीच फिरत असतात. (हेही लिहायला नको होतं, पण लिहितो.)

पाचवी छोटी आहे. मशीन विकत घेताना आम्हाला कुणी विचारत नाही. मशीन आल्यावर फिल्टर बदलायला अर्धं कव्हर खोलावं लागतं हे आमच्या लक्षात पहिल्या दिवशी येतं, आणि तोवर शेवटचा हप्ताही गेलेला असतो.

साहेब, हे सगळं नवं आहे असं समजू नका. वाफेच्या इंजिनाच्या काळात कारखान्यात एकच मोठं इंजिन असायचं. छताखालून लांबलचक शाफ्ट जायचा आणि त्यावरून पट्टे उतरून प्रत्येक यंत्र फिरायचं. विजेची मोटर आली तेव्हा बहुतेक मालकांनी काय केलं? इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर बसवली, वरचा शाफ्ट आणि पट्टे तसेच. १९०० च्या सुमारास अमेरिकेच्या कारखान्यांत यंत्रं फिरवणाऱ्या शक्तीत विजेचा वाटा जेमतेम पाच टक्के होता. उत्पादकतेत खरी झेप दिसली ती १९२० च्या दशकात, प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाल्यावर, आणि मुख्य म्हणजे त्यामुळे कारखान्याची मांडणी, कामाचा क्रम आणि माणसांची कामं नव्याने लावल्यावर. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९० साली ही हकिगत संगणकाशी जोडून मांडली होती. आज सेन्सर, क्लाउड आणि एआय आलंय, आणि वरचा शाफ्ट तोच आहे: लाल तक्ता, नगांवरचा बोनस, वरून खाली जाणारा हुकूम.

दुसरं उदाहरण तुमच्या एमबीएच्या वर्गात शिकवलं जातं, तरी आठवण करून देतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद पडला. गैरहजेरी, भांडणं, खराब गाड्या, यासाठी तो कुप्रसिद्ध होता. १९८४ साली टोयोटाबरोबर भागीदारीत तो ‘नम्मी’ या नावाने पुन्हा सुरू झाला. बहुतेक कामगार तेच, युनियन तीच. कामाची पद्धत बदलली: छोटे गट, कामाचं प्रमाण ठरवण्यात कामगाराचा हात, आणि चूक दिसली की दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क. थोड्याच काळात तिथल्या गाड्या कंपनीतल्या सर्वोत्तम दर्जाच्या गाड्यांमध्ये गणल्या जाऊ लागल्या. त्याच दशकात जनरल मोटर्सने इतर कारखान्यांत रोबो आणि स्वयंचलनावर अब्जावधी डॉलर ओतले आणि तिथे तसा गुण आला नाही. गंमत म्हणजे त्याच फ्रीमाँटच्या इमारतीत नंतर टेस्ला आली, आणि २०१८ साली इलॉन मस्क यांनी जाहीर कबुली दिली की जादा ऑटोमेशन ही चूक झाली, माणसांना कमी लेखलं जातं. एकाच छपराखाली एकच धडा दोनदा.

हरित कल्पना शॉपफ्लोअरवरून येत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी ब्रिटनमधल्या लुकास एरोस्पेस या विमानांचे भाग बनवणाऱ्या कंपनीची फाइल काढावी. नोकरकपात समोर दिसत असताना तिथल्या कामगार प्रतिनिधींनी आपल्या सहकाऱ्यांनाच विचारलं की आपल्या हातातल्या कौशल्यावर आणि यंत्रांवर समाजाला उपयोगी असं काय बनवता येईल. १९७६ साली त्यांनी सुमारे दीडशे उत्पादनांची योजना पुढे ठेवली. तीत हीट पंप होते, पवनचक्क्या होत्या, हायब्रिड इंजिन होतं. साल पुन्हा वाचा. व्यवस्थापनाने योजना फेटाळली. त्या चळवळीतले डिझाइन इंजिनिअर माइक कूली यांना १९८१ साली कामावरून काढलं. आज त्याच वस्तूंमागे जगभरचे कारखाने धावतायत.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. गिऱ्हाईक आता मालाबरोबर कार्बनचा आकडा मागतं. युरोपीय संघात सीमेवरचा कार्बन कर आलाय. ऑक्टोबर २०२३ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालासाठी नोंदी द्याव्या लागू लागल्या. पण तो आकडा शेवटी कोण भरतो? रात्रपाळीत मीटरपाशी टॉर्च धरून उभा असलेला माणूस. त्याला तो आकडा कशासाठी आहे हे कुणी सांगितलेलं नसेल तर तो कालच्या आकड्यात अंदाजाने भर घालून मोकळा होतो. मी अशा वह्या पाहिल्यात, ज्यांत सलग दोन महिने वीजवापर रोज अगदी एकसारखा वाढलाय, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

आणि विचारून काम केलं की गाडा अडतो, हे तर मुळीच पटत नाही. जर्मनीत १९७२ च्या कायद्यापासून कामगारांच्या वागणुकीवर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवू शकणारं तांत्रिक उपकरण बसवायचं तर कामगार मंडळाची, म्हणजे कारखान्यातल्या कामगारांनीच निवडलेल्या मंडळाची, संमती लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर एआयचा प्रश्न असेल तेव्हा त्या मंडळाला तज्ज्ञाची मदत घेता येते. कारखान्यांच्या डिजिटल बदलासाठी वापरला जाणारा ‘इंडस्ट्री ४.०’ हा शब्द २०११ साली त्याच देशातल्या हॅनोवरच्या मेळ्यातून जगभर गेला. म्हणजे संमतीची अट असलेल्या देशातच त्याचा जन्म झाला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यातही कामाच्या जागी जोखमीची एआय यंत्रणा लावण्याआधी कामगारांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना कळवण्याची तरतूद आहे. कायदा होईपर्यंत थांबायची कुणाला सक्ती नाही.

आमच्या मागण्या लिहितो. पगारवाढीचं पत्र वेगळं आहे, ती इथे मिसळत नाही.

पाळी बदलतानाची वीस मिनिटं परत द्या, पगारी. निदान अवघड मशीनवर तरी, पण लगेच.

मशीनवरून आणि ऑपरेटरकडून गोळा होणारा डेटा वैयक्तिक शिक्षेसाठी, बोनस कापण्यासाठी किंवा कंत्राट न वाढवण्यासाठी वापरला जाणार नाही, हे लेखी द्या आणि प्रत्येक एचएमआयच्या, म्हणजे मशीनवरच्या पडद्याच्या, शेजारी लावा. लाल तक्ता उतरवा. कारणांची यादी आमच्याबरोबर बसून नव्याने बनवा; बावीसची गरज नाही, आठ पुरेत.

प्रत्येक सूचनेला तीस दिवसांत उत्तर द्या, कारणासह, सुचवणाऱ्याच्या नावासह. तो कंत्राटी असला आणि गेला असला तरी नाव त्याचंच.

वाचलेली वीज, हवा, पाणी आणि वाया न गेलेला माल यांना बोनसच्या सूत्रात जागा द्या. आणि छोट्या कामांसाठी पाळीप्रमुखाच्या सहीने खर्च करता येईल असा थोडा निधी ठेवा, म्हणजे एका कपलिंगसाठी दोन विभागांची तोंडं बघत बसावं लागणार नाही.

कामगाराने सुचवलेल्या सुधारणेमुळे कुणाचीही नोकरी जाणार नाही. काम गेलं तर दुसरं काम आणि त्याचं प्रशिक्षण. याच्याशिवाय बाकीच्या मागण्या मान्य केल्यात तरी फार काही हलेल असं मला वाटत नाही.

प्रशिक्षण पाळीच्या वेळेत, मशीनवर, कंत्राटी माणसांसकट. नवं यंत्र किंवा सॉफ्टवेअर घेताना स्पेसिफिकेशन ठरतं त्या टेबलावर एक ऑपरेटर आणि एक फिटर. फोटोसाठी कोपऱ्यात उभे केलेले नकोत. “हे कव्हर बाजूने उघडायला हवं” असं म्हटल्यावर ज्यांचं म्हणणं लिहून घेतलं जाईल असे.

येत्या सुट्टीला आमचं शटडाउन आहे. सकाळी कॉम्प्रेसर तासभर चालू ठेवणार आहोत, बाकी सगळं बंद. ज्यांना यायचंय त्यांनी हेल्मेट आणि सेफ्टी शूज घालून तिसऱ्या बेमध्ये यावं. टॅगांचा गठ्ठा माझ्याकडे आहे, लावायला दोन हात कमी पडतील. उत्तर नोटीस बोर्डावर लावलंत तरी चालेल. त्या चार ओळींच्या परिपत्रकाच्या जागी लावलंत तर जास्त बरं.

आपला,
मेंटेनन्स विभागातला एक फिटर
(अजून फिटरच म्हणवून घेतो)